पिशवी यंत्राकडे, कॅडी सोबतीला



निवृत्तीनंतरच्या उद्योगांबद्दल आपण या सदरात बोलत असतो. मंडळाच्या गेल्या दोन कार्यक्रमांत मला तिघा-चौघांनी एकच प्रश्न विचारला, ‘तुमच्याकडे ती रिमोटवर चालणारी गाडी आहे म्हणे, ती नक्की काय भानगड आहे?’ प्रत्येकाला उभ्याउभ्या उत्तर देऊन समाधान होत नव्हतं, म्हणून या वेळचं सदर त्या गाडीसाठी.

आधी एक गैरसमज दूर करू. गोल्फच्या मैदानावर माणसं ज्यात बसून फिरतात, ती छपराची छोटी मोटार म्हणजे गोल्फ कार्ट. माझ्याकडे आहे ती इलेक्ट्रिक ट्रॉली. हिच्यात बसायचं नसतं. हिच्यावर गोल्फची पिशवी बांधायची आणि आपण चालायचं, ती पुढे किंवा शेजारून चालते. इंग्रजीत हिला सर्रास ‘इलेक्ट्रिक कॅडी’ म्हणतात. ब्रिटनमध्ये १९८३ साली ‘पॉवाकॅडी’ नावाची कंपनी निघाली आणि विजेवर चालणाऱ्या ट्रॉल्या तिथल्या मैदानांवर रुळल्या. तेव्हा त्यांना हँडल धरून न्यावं लागे. रिमोट पुढे आला. आता तर खिशातल्या रिमोटचा माग काढत मालकाच्या मागून चालणारी मॉडेलंही आहेत.

रचना तशी सोपी आहे. मागच्या दोन चाकांना दोन वेगळ्या मोटर असतात. डावीकडे वळायचं असेल तर उजवं चाक जास्त वेगानं फिरतं, उजवीकडे वळायचं तर डावं. बैलगाडी वळवताना एक बैल जागीच दाबून धरतात आणि दुसऱ्याला पुढे काढतात, तोच हिशेब. उतारावर गाडी सुसाट सुटू नये म्हणून मोटरच ब्रेकचं काम करते. चढावर गाडी मागे कलंडू नये म्हणून पाठीमागे एक छोटं जादा चाक असतं. रिमोटचा संपर्क तुटला की बहुतेक मॉडेलं आपोआप थांबतात. मैदानात तळी असतात, त्यामुळे ही सोय किती मोलाची आहे ते सांगायला नको.

आमच्या घरी ही आली त्या दिवशी नातवंडांनी तिला सोसायटीच्या पार्किंगमध्ये तासभर नाचवली. सौ. म्हणाली, ‘अहो, मोंडा मार्केटला जाताना हीच घेऊन चला, भाजीच्या पिशव्या तरी उचलेल.’ सूचना तशी वाईट नव्हती!

आता हिची गरज का पडली ते सांगतो. नियमाप्रमाणे गोल्फच्या पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. त्यात चेंडू, पाणी, छत्री, टॉवेल असं धरलं तर वजन सहज १० ते १५ किलो होतं. १८ होल पूर्ण करायला आठ-नऊ किलोमीटर चाल पडते. साठी उलटल्यावर डॉक्टर चालायला सांगतात आणि खांद्यावर ओझं घेऊ नका म्हणतात. कार्टमध्ये बसलं तर खांदा वाचतो, पण चालणं संपतं. माझ्या दृष्टीनं चालणं हाच या खेळातला अर्धा आनंद आहे. ट्रॉलीनं तो राखला.

आपल्या हैदराबादेत चालण्याजोगी जागा तरी केवढी देखणी! गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातलं गोल्फ मैदान ज्यांनी पाहिलं नसेल, त्यांनी निदान तिथली गोरखचिंच पाहायला जावं. लोक त्या अजस्र झाडाला ‘हत्तियाँ का झाड’ म्हणतात. १६५६ मध्ये औरंगजेबानं गोवळकोंड्याला वेढा घातला, त्यानंतर अब्दुल्ला कुतुबशहानं किल्ल्याला ही जोड तटबंदी घातली. आज त्याच तटाच्या सावलीत सकाळी सहाला आमच्यासारखे लोक पांढऱ्या चेंडूमागे फिरत असतात.

पण ही जमीन दख्खनची आहे, विलायतेतली मऊ हिरवळ नव्हे. मधूनच खडक डोकं वर काढतो. पावसाळ्यात लाल माती चाकांना चिकटून बसते आणि गाडी जागच्या जागी फिरते. एप्रिल-मे महिन्यात नऊ वाजल्यानंतर ऊन असं तापतं की माणूस आणि बॅटरी दोघंही सावली शोधतात. गाडी सरळ चढावर चढते, पण चढ आडवा कापायला लावला तर एका अंगाला कलंडते. हे माहितीपत्रकात नव्हतं. मला माझ्या कॅडीनं सांगितलं, तेही गाडी पहिल्यांदा मैदानात आणली त्याच सकाळी, तिच्याकडे दोन मिनिटं नुसतं बघून. ‘साब, इसको आडा लेको जाओ नक्को. उलट जाती.’ आपल्या ‘नको’चा दख्खनीतला तो ठसकेबाज ‘नक्को’ ऐकला की मला अजूनही बरं वाटतं.

ज्यांना अशी गाडी घ्यायची असेल त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट बॅटरीची. आपल्यापैकी अनेकांची मुलं अमेरिकेत किंवा इंग्लंडात आहेत आणि ‘येताना घेऊन येतो’ म्हणतात. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर असे दोन आकडे असतात, त्यांचा गुणाकार करा. १२ व्होल्ट आणि २० अँपिअर-अवर असेल तर २४० वॉट-अवर झाले. विमानात सुटी लिथियम बॅटरी फक्त हातातल्या सामानात नेता येते. १०० वॉट-अवरपर्यंत अडचण नसते. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. त्याहून मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. १८ होल पुरणाऱ्या बऱ्याच बॅटऱ्या १६० च्या वर जातात. माझ्या मुलाला मी हा गुणाकार करून पाठवला आणि गाडी भारतातल्याच विक्रेत्याकडून घेतली.

दुसरी गोष्ट गाडीच्या डिकीची. ट्रॉलीची घडी होते, पण तिला जागा लागतेच. तुमच्या मोटारीत सीएनजीचा सिलिंडर असेल तर आधी टेप घेऊन डिकी मोजा. ट्रॉली उचलून डिकीत ठेवणं हेही एक ओझं आहे, तेव्हा बॅटरी वेगळी काढून दोन खेपांत ठेवावी.

तिसरी गोष्ट उन्हाची. उन्हाळ्यात बॅटरी बंद मोटारीत विसरू नका. घरी आणून थंड होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. महिना-दोन महिने खेळणार नसाल तर ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्म्यावर ठेवावी, जास्त दिवस टिकते.

चौथी गोष्ट दुरुस्तीची. चांगल्या गाडीची किंमत लाखाच्या वर जाते. एवढे पैसे मोजण्याआधी चाक, मोटर आणि रिमोट बिघडला तर सुटे भाग कोण देणार, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. रिमोटमध्ये साधे सेल असतील तर दोन जादा सेल पिशवीत असू द्या.

इतकं सगळं सांगितल्यावर पुढचा प्रश्न हमखास येतो, ‘मग आता कॅडीचे पैसे वाचले असतील!’ खरं म्हणजे या प्रश्नासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

कॅडी म्हणजे पिशवी उचलणारा हमाल, अशी आपली समजूत असते. गोल्फचे नियम वेगळं सांगतात. सामन्यात खेळाडूला कोणती काठी घेऊ, चेंडू कुठे मारू हे दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. जोडीनं खेळत असेल तर जोडीदाराला विचारता येतं, एरवी फक्त आपल्या कॅडीला. एका वेळी एकच कॅडी ठेवता येतो. म्हणजे संपूर्ण मैदानावर कायद्यानं मान्य असा तोच एक सल्लागार.

अदिती अशोक आठवते ना? टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, ती चौथी आली आणि तिचं पदक एका स्ट्रोकनं हुकलं. एरवी गोल्फकडे न बघणारा अख्खा देश त्या शनिवारी टीव्हीपुढे बसला होता. तेव्हा तिची पिशवी घेऊन शेजारी चालत होती तिची आई. त्याआधी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वडील कॅडी होते. ओझं वाहायला त्यांना आईवडिलांपेक्षा दणकट माणूस सहज मिळाला असता. त्यांना हवा होता तो विश्वासाचा माणूस.

माझा कॅडी गोवळकोंड्याच्या बाजूलाच राहतो. वय पन्नाशीच्या पुढे. कोणत्या ग्रीनवर चेंडू डोळ्यांना दिसतो त्याच्या उलट बाजूला वळतो, पाऊस पडून गेल्यावर कुठे चेंडू उसळत नाही, तटाजवळ वारा कुठून येतो, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. ते रिमोटवर कोणत्या बटणात बसवणार?

आता त्याच्या बाजूनं पाहा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कॅडीला महिन्याचा पगार नसतो. फेरी मिळाली तर पैसे, नाही मिळाली तर रिकाम्या हातानं घरी. २०२० च्या टाळेबंदीत मैदानं बंद झाली तेव्हा या लोकांची कमाई एका दिवसात थांबली. मैदानं उघडली तरी अनेक ठिकाणी सुरुवातीला कॅडींना आत प्रवेश नव्हता. खेळाडू स्वतः पिशवी ओढू लागले आणि त्याच काळात जगभर ट्रॉल्यांची मागणी वाढली. म्हणून फाटकापाशी नंबरची वाट पाहत बसलेल्या माणसांना माझी गाडी डिकीतून उतरताना दिसली की त्यांची नजर तिच्यावर का खिळते, हे मला समजतं.

माझ्या कॅडीलाही मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की गाडी आली तरी तुझे पैसे तेच राहतील. पिशवी गाडी नेईल, तू माझ्याबरोबर चाल. रिमोटही त्याच्याच हातात दिला. आठवड्याभरात तो माझ्यापेक्षा सफाईनं गाडी हाकू लागला. एकदा मी त्याला विचारलं, हिचा राग येत नाही का? तो हसून म्हणाला, ‘साब, थैला मशीन उठा लेती, बॉल कौन ढूँढता?’ मग जरा थांबून त्यानं स्वतःचा उजवा खांदा दाखवला. वर्षानुवर्षं, कधी कधी दोन-दोन पिशव्या वाहून तो खांदा वर उचलत नव्हता. वय झालेल्या कॅडीला खेळाडू टाळतात आणि तरुण पोरगा घेतात, हे त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, नुसतं सांगितलं.

गाडी घेताना मी फक्त माझ्या खांद्याचा विचार केला होता. तिच्यामुळे दुसराही एक खांदा वाचतो आणि त्या खांद्यावरच्या डोक्यात जे साठलंय त्याला आणखी काही वर्षं मोल मिळतं, हे त्या सकाळी लक्षात आलं.

माझे काही गोल्फमित्र म्हणतात, ‘तू दोन्हीकडून खर्च करतोस.’ हिशेबाच्या वहीत ते बरोबरच आहे. पण लाख रुपये यंत्राला देताना हात आखडत नाही आणि सोबत चालणाऱ्या माणसाच्या फेरीच्या पैशांवर घासाघीस करायची, हे मला पटत नाही.

यातून सगळेच प्रश्न सुटतात असं मात्र नाही. ज्याला मैदानाची माहिती आहे, त्या जुन्या कॅडीला यंत्राचा उपयोग होईल. पण सोळा-सतराव्या वर्षी पहिल्यांदा फाटकापाशी येणाऱ्या पोराजवळ ती माहिती नसते. त्याचं भांडवल म्हणजे खांदाच. पिशवी वाहता वाहता तो खेळ शिकतो. दिल्लीच्या मैदानावर अली शेर असाच कॅडी म्हणून सुरुवात करून वर आला आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. १९९३ मध्ये त्यानं ती स्पर्धा पुन्हा जिंकली. पिशवी यंत्राकडे गेली तर अशा पोरानं मैदानात शिरायचं कुठून? याचं उत्तर एकट्या खेळाडूजवळ नाही. क्लबांनी कॅडींना शिकवावं, फेरीचे दर ट्रॉली असली तरी तेच ठेवावेत, आणि दुपारी मैदान मोकळं असताना त्यांना खेळू द्यावं, एवढं तरी नक्की करता येईल. सभासद म्हणून बैठकीत हे मांडणं आपल्या हातात आहे. मी मांडणार आहे.

तेव्हा मंडळी, खांदा-कंबर कुरकुरत असेल आणि खिशाला परवडत असेल, तर ट्रॉली अवश्य घ्या. चालणं सोडू नका. आणि रिमोट शक्यतो तुमच्या कॅडीच्या हातात द्या. गाडी कुठून न्यायची ते त्याला जास्त चांगलं कळतं.

आपल्यापैकी कुणी अशी गाडी वापरत असेल तर चिखलात चाकं कशी सांभाळता ते जरूर कळवा. पावसाळा जवळ आलाय!