व्यवहार-विवेक : पॉलिसीतील एक शून्य



गेल्या चातुर्मासात माझा भाचा सहकुटुंब मोटारीने कुंभोजच्या बाहुबली क्षेत्री दर्शनास निघाला होता. हातकणंगल्याजवळ मागून ट्रकची धडक बसली. सुदैवाने कुणास इजा झाली नाही. मात्र डिकीतील सीएनजीची टाकी व तिची जोडणी निकामी झाली. पॉलिसी सर्वसमावेशक होती, म्हणून तो निश्चिंत होता.

सर्व्हेअरने किटचा खर्च वगळला. हे किट मोटारीबरोबर आलेले नव्हते. ५०,००० रुपये खर्चून मागाहून बसविलेले होते. आरटीओकडे नोंदणीपुस्तकात इंधनबदलाची नोंद त्याने रीतसर करून घेतली. विमा कंपनीस कळविणे तेवढे राहिले. सरकारी दप्तरी नोंद झाली म्हणजे ती सर्वांस कळली, असा आपला समज असतो. किटचे पैसे बुडालेच, शिवाय ‘महत्त्वाचा बदल कळविला नाही’ या कारणास्तव उर्वरित दावाही तीन महिने रेंगाळला.

आणि हे किती रकमेसाठी? भारतीय मोटार टॅरिफनुसार अशा किटचा वार्षिक जादा हप्ता त्याच्या मूल्याच्या ४ टक्के, व तृतीय पक्षाच्या दायित्वापोटी ६० रुपये. म्हणजे कर सोडून अवघे २,०६० रुपये! कंपनीनुसार दर थोडा बदलेल, इतकेच.

झिजलेला टायर वा फुटलेला बंपर तशाच नव्या भागाने बदलला, तर कळविण्याचे कारण नाही, बिल जपावे. परंतु अलॉय व्हील, महागडी म्युझिक सिस्टीम अशा मागाहून बसविलेल्या वस्तू मूल्यासह लेखी कळवून पॉलिसीवर एन्डोर्समेंट घ्यावे. मोटारीच्या मूळ रचनेतच फेरफार करावयाचा असल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. तेथे प्रथम आरटीओ.

बँकेत असताना वाहनकर्जाच्या शेकडो पॉलिसी माझ्या हाताखालून गेल्या. बँकेचे नाव आहे का आणि मुदत संपली नाही ना, एवढेच आम्ही पाहत असू. विमित मूल्याच्या तक्त्यात वाहन, विद्युत उपकरणे, इतर उपकरणे व सीएनजी किट असे निरनिराळे रकाने असतात, तिकडे माझेही लक्ष क्वचितच गेले. भाच्याच्या पॉलिसीत शेवटच्या रकान्यात शून्य होते. ती पॉलिसी त्याने नूतनीकरणाच्या वेळी मलाच दाखविली होती.