पॉलिश मारून द्या!

'पॉलिश मारणे' हा शब्दप्रयोग मराठीत कोणी रूढ केला कोण जाणे. तो माणूस भेटला तर मला त्याच्याशी भांडायचं आहे. रंग मारावा, झाडू मारावा, थापा माराव्यात. पण पॉलिश?

झालं काय, की परवा ओळखीचे एक गृहस्थ घरी आले. आमच्या भवानी पेठेत बऱ्याच जणांना माझा खडे घासायचा उद्योग माहीत आहे. निवृत्तीनंतर लागलेला छंद. मागच्या खोलीत एक छोटी मोटर, त्यावर चाकं, वरून थेंब थेंब पाणी. गृहस्थांनी खिशातून अंगठी काढली. वर घुमटासारखा हिरवा खडा, ज्याला कॅबोशॉन म्हणतात तो. "जेड आहे. चमक गेली हो. जरा पॉलिश मारून द्या, दहा मिनिटांचं तर काम!"

भिंगाखाली धरला तर आत बारीक बारीक चमचमणारे कण. अभ्रकाचे. म्हणजे हे जेड नव्हेच, अॅव्हेंच्युरिन. बाजारात त्याला 'इंडियन जेड' असं भारदस्त नाव आहे, पण ते आपलं क्वार्ट्झच. खऱ्या जेडमध्येही दोन वेगळी खनिजं आहेत, जेडाइट आणि नेफ्राइट. ती वेगळी आहेत हे १८६३ साली दामूर नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने दाखवलं. आमच्या गृहस्थांचा खडा दोन्हींत बसत नव्हता. वर कोणीतरी मेणासारखं काहीतरी चोपडलेलं होतं. ते उडालं आणि खालचे ओरखडे उघडे पडले. एवढंच.

आता मुद्दा असा, की चमक वरून लावता येतच नाही. चमक म्हणजे ओरखडे नसणं. पहिल्या जाड चाकाने आकार येतो आणि ओरखडेही येतात. ते काढायला त्याहून बारीक, त्याचे काढायला आणखी बारीक. २२०, ६००, १२००, ३००० असं चढत जायचं. मधली एक पायरी गाळली तर शेवटी हिऱ्याची पेस्ट तासभर घासा, तो जुना ओरखडा चकचकीत होऊन तिथेच बसतो! आणि ओला खडा खोटं बोलतो. पाण्यात सगळंच सुंदर दिसतं. प्रत्येक पायरीला खडा पुसून, कोरडा करून, उजेडात तिरका धरून बघावा लागतो.

जेड तर याहून हट्टी. त्याचे बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून ते सहसा फुटत नाही. पण बोथट पट्ट्यावर घाईने दाबून घासलं की काही तंतू उखडतात, काही तसेच राहतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. मग पुन्हा मागे जायचं. शेवटचा हात चामड्यावर, क्रोम ऑक्साइडची हिरवी पूड लावून. दहा मिनिटं म्हणे!

खरं तर हे आपल्याला माहीत नाही असं नाही. घरात मोझॅकची फरशी घातली तेव्हा पॉलिशवाला आठवतो ना? आधी जाड दगड, मग बारीक, खाली सगळा पाण्याचा चिखल, आणि आपण दारात उभे राहून विचारतोय, "अजून किती वेळ?"

तुम्ही म्हणाल, एवढं चिडायचं काय त्यात? खडाच तर आहे.

चिडतो, कारण या घाईची किंमत आपण देत नाही. खंबायतला पिढ्यान् पिढ्या अकीक घासतात. अकीक म्हणजे सिलिकाच. घरातल्या घरात, नगावर मजुरी, कोरड्या चाकावर घासायचं. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांचा अभ्यास केलेला आहे, म्हणजे हे काही गुपित नाही. नगावर मजुरी असली की हात थांबवून पाणी, पंखा, मास्क बघायला कोणाला परवडतं? आणि नगाचा भाव कोण पाडतं? "त्या दुकानात स्वस्त मिळतं" म्हणणारे तुम्ही-आम्हीच.

आपल्याकडे लगेच सांगतात, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. म्हण छान आहे, पण घाव दगड कुठे सोसतो? दगडाला काही होत नाही. सोसतो तो टाकी धरणारा. म्हणीत त्याचं नावही नाही.

सोलापूरकरांना तर हे कळायलाच हवं. इथून जवळच्या तेरहून दोन हजार वर्षांपूर्वी कापड भडोचला जायचं आणि पैठणहून रंगीत दगड, असं तेव्हाच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात, पेरिप्लसमध्ये लिहिलेलं आहे. कापड आणि खडे, दोन्ही हातांची कामं. मागावरच्या माणसाच्या छातीत कापसाचे तंतू जातात, हे माहीत असलेलं आमचं गाव. आमच्या घरातही रात्री खोकणारी माणसं होती.

म्हणून एवढंच सांगणं आहे. खडा घेताना नाव विचारा, नुसतं 'जेड' चालवून घेऊ नका. आणि तो कुठे, कसा घासला, पाणी होतं का, हेही विचारा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. चार जणांनी विचारलं तर पाचव्या वेळी तो पुढे विचारेल.

गृहस्थांची अंगठी ठेवून घेतली आहे. पुढच्या रविवारी या म्हटलं. ते म्हणाले, "एवढे दिवस? मग राहू द्या, दुसरी घेतो."

असो. अंगठी अजून माझ्याकडेच आहे. आज ६०० वर आहे.