दैवत घडवणाऱ्याला विचारा!

जालन्याच्या एमआयडीसीत भंगाराच्या गाड्या येतात. मोडके नांगर, गंजलेले पत्रे, जुन्या खिडक्यांचे गज, सारे एकाच भट्टीत पडते. कोणता तुकडा कोणत्या धर्माच्या घरचा, हे भट्टी विचारीत नाही. त्याच रसाची सळई निघते आणि तीच सळई देवळाच्या, मशिदीच्या, चर्चच्या व विहाराच्या छतात बसते. भट्टीपुढे घाम गाळणारे मराठवाड्याचे, बिहारचे, उत्तर प्रदेशचे. हिंदू, मुसलमान, बौद्ध. परंतु पाळी संपली की मोबाइलवरचा कोणी उपदेशक एकाला सांगतो, "तुझा देव त्यांनी फोडला." दुसऱ्याला सांगतो, "त्यांच्या मूर्तीकडे पाहणेही पाप." झाले! दुपारचा सोबती रात्री परका होतो.

बंधूंनो, आम्ही विचारतो, या उपदेशकांपैकी एकाने तरी हाती कधी छिन्नी धरली आहे काय?

इतिहासात मूर्ती फुटल्या, हे आम्ही नाकारीत नाही. फोडणारा दोषीच. पण त्याचा जाब आजच्या मजुराला विचारावा, हा न्याय कुठला? आणि ज्यांना घडलेल्या देवाजवळ जाऊच दिले नाही, त्यांचा जाब कोण देणार? पंढरपूरचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. तेव्हा ते दार कोणा परधर्मीयाने लावून घेतले नव्हते!

जालन्याहून वेरूळ एका दिवसात पाहून येता येते. तिथे एकाच डोंगरात बौद्ध, हिंदू व जैन अशी चौतीस लेणी आहेत. दहावे लेणे बुद्धाचे. आत दगड असा कोरला आहे की छताला लाकडाच्या तुळया वाटाव्यात. लोक त्याला 'सुतार की झोपडी' म्हणतात. सुतार मंडळी तिथे येत आणि आतल्या बुद्धालाच आपला विश्वकर्मा मानून हात जोडीत. कारागिराने कारागिरी ओळखली. धर्माचा दाखला मागितला नाही. कैलास लेण्याचा राजा राष्ट्रकूट पहिला कृष्ण, हे पुस्तकांत सापडते. ज्यांनी डोंगर वरून खाली कोरीत आणला त्यांची नावे कुठे आहेत? खुद्द जालना हे नाव एका मुसलमान विणकरावरून पडले, असे सांगतात. म्हणजे गावाला नाव विणकराचे आणि गावात भांडण मात्र उपदेशकांचे!

मोठ्या सभांत पंडित आणि मौलवी एकमेकांना हार घालतात, फोटो निघतो, मंडळी घरी जातात. असल्या संवादाने आमच्या वस्तीतली एक शंकाही फिटत नाही. खरा संवाद घडवणाऱ्यांनी करावा. सुट्टीच्या दिवशी दोन-चार घरांनी मिळून, बायकामुलांसह वेरूळ गाठावे. तुम्ही मूर्ती का पूजता, तुम्ही का पूजत नाही, हे तिथे बसून एकमेकांना सरळ विचारावे, रागावू नये, आणि उत्तर पूर्ण ऐकावे.

जोतीरावांनी १८९१ साली निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात एकाच घरात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान व मुलगा सत्यधर्मी असूनही सर्वांनी प्रेमाने नांदावे, असे सांगितले. एका घरात जे शक्य, ते एका कारखान्यात का नाही?

फोडणारे थोडे, फितवणारे त्याहून थोडे. घडवणारे आपण पुष्कळ. आपण एकमेकांशी बोलू लागलो की फितवणाऱ्यांचा धंदा बसलाच म्हणून समजा!