पावसाळ्यापूर्वी घरात एक छोटा रेडिओ: बोरी अरब व परिसरातील नागरिकांना जाहीर आवाहन

अडाण नदीच्या काठी वसलेल्या बोरी अरब गावातील तसेच आसपासच्या तांड्यांवरील आणि पोडांवरील सर्व नागरिकांना आवाहन करण्यात येते की, पावसाळा सुरू होण्यापूर्वी ज्या कुटुंबास शक्य असेल त्याने आपल्या घरी, आणि ज्या वस्तीत ते शक्य नसेल तेथे वस्तीने मिळून, सेलवर चालणारा एक लहान रेडिओ संच घेऊन ठेवावा. तो घेताना बाजारात दुकानदार ज्या क्रमाने गुण सांगतो तो क्रम उलटा करावा, म्हणजे संचात कोणते सेल बसतात हे सर्वप्रथम पाहावे, मध्यम लहरी कितपत स्वच्छ ऐकू येतात हे त्यानंतर पाहावे, आणि लघुलहरींवर किती देश लागतात या प्रश्नाकडे सर्वांत शेवटी वळावे.

जुलै २०२३ मधील अतिवृष्टीत यवतमाळ शहराच्या अनेक भागांत पाणी शिरले आणि महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर पुराने वेढलेल्या लोकांसाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत मागवावी लागली, हे जिल्ह्यातील कोणीही विसरलेले नाही. अशा वेळी वीज जाते, विजेपाठोपाठ काही तासांत मोबाइल टॉवरची बॅटरी उतरते, आणि ज्या फोनवर धोक्याचा संदेश यायचा तो फोन हातात असूनही निरुपयोगी होतो. सरकारने २०२३ मध्ये देशभर ज्यांची चाचणी घेतली ते मोठ्या आवाजात वाजणारे आपत्ती-संदेश उपयुक्त असले तरी त्यांनाही टॉवर जिवंत लागतोच. रेडिओचे प्रक्षेपण मात्र दूरच्या केंद्रातून थेट संचापर्यंत येते आणि मध्ये गावातील कोणत्याही यंत्रणेचा आधार घेत नाही, म्हणून गाव अंधारात असले तरी ते ऐकू येते. येथे एक मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे: वरच्या बाजूच्या धरणातून पाणी सोडण्याची वर्दी किंवा यवतमाळ–दारव्हा मार्गावरील पुलावरून पाणी वाहू लागल्याची खबर रेडिओवरून मिनिटामिनिटाला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. ते काम पोलीस पाटील, कोतवाल आणि दवंडी यांचेच आहे; हवामान खात्याचा इशारा, जिल्ह्यातील एकूण परिस्थिती आणि प्रशासनाच्या सूचना समजण्यासाठी रेडिओ आहे.

संचावर सहसा तीन पट्टे असतात आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा असतो. एफएमचा आवाज सर्वांत स्वच्छ असला तरी त्याच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे आकाशवाणीचे यवतमाळ केंद्र गावात चांगले लागले तरी एखाद्या टेकडीच्या आड असलेल्या वावरात तेच केंद्र खरखरू शकते. मध्यम लहरी जमिनीला धरून लांबवर जातात. आकाशवाणीचे नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर ३०० किलोवॅट शक्तीने ज्या लहरींवर प्रक्षेपण करीत आले आहे त्या याच होत, आणि नागपूर ते बोरी अरब हे सरळ रेषेतील सुमारे दीडशे किलोमीटर अंतर त्यांच्या आवाक्यातले आहे. रात्री मध्यम लहरींचा पल्ला आणखी वाढतो. देशाच्या मध्यावर असलेल्या नागपुरातूनच १९८८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी एक हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून सुरू झाली होती, ती याच गुणाच्या भरवशावर; ती वाहिनी आता बंद झाली असली तरी तो गुण संपलेला नाही.

लघुलहरी, म्हणजे साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झमधील लहरी, जमिनीपासून शंभर ते काहीशे किलोमीटर उंचीवरील विद्युतभारित थरावर आदळून खाली परततात आणि त्यामुळे हजारो किलोमीटर दूर ऐकू येतात. जुन्या संचांवर त्या मीटरमध्ये छापलेल्या असत. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की मीटर मिळतात, एवढे साधे गणित त्यामागे आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्तपणे चालविलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर, म्हणजे सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झवर बोलत असे, आणि नंतरच्या दशकांत ज्या ४१ मीटरच्या पट्ट्यावर रेडिओ सिलोन ऐकण्यासाठी घरोघरी संचाचे बटण हळूहळू फिरवले जाई तो पट्टा तेथून हाकेच्या अंतरावर आहे. सूर्य मावळल्यावर ४९, ४१ आणि ३१ मीटरचे पट्टे जागे होतात, तर दिवसा १९ किंवा १६ मीटरवर शोधावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळेच अनेक चांगले संच दुपारी बारा वाजता दुकानात मुके ठरून नाकारले जातात.

तरीही लघुलहरींविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यांचा सुवर्णकाळ सरला आहे. बीबीसीची हिंदी सेवा लघुलहरींवरून ३१ जानेवारी २०२० रोजी बंद झाली, आणि आकाशवाणीनेही आपले लघुलहरी प्रक्षेपक मोठ्या प्रमाणावर कमी केले. त्याच बीबीसीने मार्च २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध भडकताच तेथील लोकांसाठी १५,७३५ आणि ५,८७५ किलोहर्ट्झवर दररोज चार तासांचे प्रक्षेपण नव्याने सुरू केले, यावरून या जुन्या साधनाची गरज नेमकी केव्हा उरते ते कळते. संपूर्ण प्रदेशातील केंद्रेच एकाच वेळी बंद पडली, किंवा प्रवासी अशा ठिकाणी असला की जेथे ना रेंज ना जवळचे केंद्र, तर दूरदेशीचा आवाज हाच बातमीचा एकमेव मार्ग राहतो. म्हणून लघुलहरी संचात असाव्यात, परंतु केवळ त्यांच्यासाठी चौपट पैसे मोजण्याचे कारण बहुतेक कुटुंबांना नाही.

सेलचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आणीबाणीत रेडिओ बंद पडतो तो बहुधा बिघाडामुळे नव्हे तर सेलअभावी. टेकसन पीएल-३१० ईटी यासारख्या हातात मावणाऱ्या संचात तीन पेन्सिल सेल बसतात, आणि पेन्सिल सेल गावातील किराणा दुकानात भिंतीवरील घड्याळासाठी कायम ठेवलेले असतात. चांगल्या अल्कलाइन सेलच्या एका जोडणीवर मध्यम आवाजात तीसेक तास ऐकता येते, म्हणजे दर तासाला दहा मिनिटेच ऐकण्याची शिस्त पाळली तर एक आठवडा सहज निघतो. याउलट पीएल-३३० सारख्या संचात जुन्या नोकिया फोनमधील बीएल-५सी या प्रकारची बॅटरी लागते, तर काही संचांत १८६५० क्रमांकाचा जाड लिथियम सेल असतो. हे संच ऐकण्यात सरस आहेत, परंतु चार दिवस वीज नसताना ते भरायचे कशावर, याचे उत्तर आधीच तयार असावे लागते. हँडल फिरवून चालणाऱ्या आणि वर लहानशी सौरपट्टी बसवलेल्या संचांची जाहिरात मोठी असते; मात्र त्यांतील अंगची बॅटरी दोन-तीन वर्षे पडून राहिली की पाणी सोडते आणि आषाढातल्या झाकोळात बोटभर सौरपट्टी काही कामाची नसते, तेव्हा पेन्सिल सेलची सोय असेल तरच असा संच घ्यावा. सेल संचात घालून ठेवू नयेत, कारण ते पाझरून आतील पत्रे खातात. ते त्याच पिशवीत वेगळे बांधून ठेवावेत.

परदेशी असलेल्या नातेवाइकाने आणलेल्या संचाबाबत दोन गोष्टी तपासाव्यात. भारतात मध्यम लहरींवरील केंद्रे नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली आहेत आणि अमेरिकेत दहाच्या, त्यामुळे अमेरिकेच्या मापावर ठेवलेला आकडे दाखवणारा संच ५८० वरून थेट ५९० वर उडी मारतो आणि ५८५ वरील नागपूर मधल्या मध्ये निसटते. बहुतेक संचांत ही उडी नऊवर आणण्याची सोय असते, ती कोणाकडून तरी करून घ्यावी. जपानमधील घरगुती वापराच्या जुन्या संचांत एफएमचा पट्टा ७६ पासून ९० मेगाहर्ट्झपर्यंतच असतो, त्यामुळे १०० च्या पुढची आपली केंद्रे त्यावर कधीच लागणार नाहीत. प्रवासासाठी घेणाऱ्याने बटणे कुलूपबंद करण्याची सोय पाहावी, नाहीतर वारीच्या किंवा मजुरीच्या प्रवासात पिशवीतच संच सुरू होऊन मुक्कामी पोहोचेपर्यंत सेल संपलेले असतात. एकपार्श्वपट्टी, म्हणजे हौशी रेडिओचालकांचे बोलणे ऐकण्यासाठी लागणारी जोडसोय, महागड्या संचांत मिळते. ७ ते ७.२ मेगाहर्ट्झवरील त्यांचे आपत्तीकाळातील संभाषण साध्या संचावर बदकाच्या आवाजासारखे अस्पष्ट ऐकू येते. गावात एखाद्या तरुणाला गोडी असेल तर तेवढ्या एका संचात ती असावी, सर्वांनी त्यामागे लागू नये.

संच दुकानाच्या शटरआड न तपासता बाहेर मोकळ्यावर, शक्यतो संध्याकाळी तपासून घ्यावा. मध्यम लहरींची तार संचाच्या आत एका काळ्या कांडीवर गुंडाळलेली असते आणि ती दिशा ओळखते. संचाची लांब बाजू ईशान्येकडे, म्हणजे नागपूरकडे तोंड करून ठेवली आणि थोडी पुढे-मागे फिरवली की आवाज कसा उघडतो हे प्रत्यक्षच अनुभवावे. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांच्यामुळे घरात जी सततची घरघर येते ती वीज गेल्याबरोबर थांबते, त्यामुळे अंधाऱ्या गावात रेडिओ नेहमीपेक्षा चांगला ऐकू येतो. लघुलहरींसाठी पाच-सहा मीटर वेष्टनाची तांब्याची तार संचाच्या ताणायच्या एरियलला चिमट्याने जोडून कडुनिंबावर टाकली तरी पुरते. ती विजेच्या तारांपासून दूर असावी आणि आभाळ गडगडू लागताच काढावी. जागलीवर जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे की, मध्यम लहरींवर कडाड असे तुटक आवाज वाढत चालले तर विजेचे वादळ जवळ येत आहे, आणि अशा वेळी झाडाखाली किंवा मचाणावर न थांबता पक्क्या निवाऱ्याकडे निघावे.

ज्या वस्तीत घरोघरी संच शक्य नाही तिने १९५६ च्या प्रयोगाकडे पाहावे. त्या वर्षी युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पाच जिल्ह्यांतील १५० खेड्यांसाठी शेतकी कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक गावात एक गट ठरलेल्या वेळी एकत्र बसून ते ऐकत असे आणि नंतर त्यावर चर्चा करून प्रश्न केंद्राला कळवीत असे. एका संचाने सबंध गावाचे काम भागते हे तेव्हा महाराष्ट्रातच दिसून आले आहे. बोरी अरबमधील बचत गट, गणेश मंडळे आणि शाळा यांनी आपापल्या वस्तीचा एक संच ठरवावा, तो कोणाकडे राहील आणि पुराच्या काळात बातम्यांच्या वेळी कोण ऐकून फळ्यावर लिहील याची नावे आत्ताच नक्की करावीत, आणि निवड करताना ज्याला ऐकू चांगले येते व ज्याचे अक्षर वाचता येते त्याला पसंती द्यावी. पदाधिकाऱ्यांचा मान येथे मध्ये आणू नये.

रेडिओ ऐकण्यासाठी आता कोणताही परवाना लागत नाही. परवाना लागतो तो प्रक्षेपण करण्यासाठी. ज्यांच्या माळ्यावर जुना फिलिप्स, मर्फी किंवा बुशचा संच पडून आहे त्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी एकदा दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावा, कारण बहुधा पट्टा बदलण्याचे बटण गंजलेले असते किंवा सेलचे पत्रे हिरवे पडलेले असतात आणि तेवढे साफ केल्यावर संच बोलू लागतो. संच नवा असो वा जुना, सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूस नागपूर केंद्राचा आकडा, यवतमाळ केंद्राचा आकडा आणि सेल आणल्याची तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिकटवावी, आणि पावसाळा संपेपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळच्या बातम्या त्या संचावर लावून तो चालतो याची खात्री करावी.