आधी लगीन चिलरचं

अमरावतीत शोभेचे मासे विकण्यावर माझं पोट आहे, तरी सांगतो. पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याची टाकी लावणार असाल तर क्लाउनफिश जरूर न्या, ॲनिमोन (समुद्रफूल) नको. निदान पहिलं वर्षभर नको. आणि मासासुद्धा मे महिन्याचा हिशोब मांडल्याशिवाय नको.

गिऱ्हाईक येतं तेच मोबाईलवर फोटो उघडून: ॲनिमोनच्या लवलवत्या बोटांत बसलेला नारिंगी मासा. ही हौस लावणारा 'फाइंडिंग निमो' सिनेमा २००३ चा. तेव्हाची पोरं आता आईबाप झाली, मागणी मात्र तीच. ही जोडी तोडता येते हे कुणाला पटतच नाही. समुद्रात क्लाउनफिशला ॲनिमोनचा आसरा लागतो, कारण तिथं त्याला गिळायला टपलेले असतात. टाकीत कोण गिळणार? हॅचरीत जन्मलेली पिल्लं तर ॲनिमोन न बघताच वाढतात. पुढे आणून ठेवला तरी काही पिल्लं त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, पंपाच्या आडोशाला संसार थाटतात.

ॲनिमोनचे नखरे वेगळे. त्याला कडक उजेड हवा, मुरलेली टाकी हवी, आणि जागा पसंत पडली नाही की स्वारी चालू लागते. पाणी घुसळणाऱ्या वेव्हमेकरच्या जाळीत ओढला गेला तर रातोरात चिंध्या, अन् सकाळी सगळं पाणी नासलेलं. पांढराफटक दिसतो तो बहुधा आजारी असतो. पिवळाधमक दिसला तर रंगवलेला नाही ना, हे विचारा. वास्तविक हा दीर्घायुषी जीव. निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक ॲनिमोन उचलून घरी आणला. डॅलिएल १८५१ मध्ये गेले. 'ग्रॅनी' नावानं गाजलेला तो ॲनिमोन १८८७ पर्यंत जगला. आपल्याकडे समुद्रातून उपटून आणलेला सहा महिने टिकला तर लोक पेढे वाटतील.

दर्यापूरकडचे एक काकाजी नातवासाठी टाकी बघायला आले होते. मिठाची किंमत ऐकून म्हणाले, "काऊन गा, आमच्या विहिरीले खारंच पानी हाय. मंग मीठ इकत कायले घ्या लागते?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. पण ते पाणी पिकाला खारं आणि या माशाला अळणी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, विहिरीत त्याहून कितीतरी कमी. शिवाय समुद्रात कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप ठरलेलं. आपल्याकडे सोडियमचा जोर, ज्यानं काळी जमीन चोपण होते. म्हणून आधी आरओनं पाण्याचा टीडीएस शून्याजवळ आणायचा, मग विकतचं समुद्री मीठ घालायचं. २०० लिटरला ७ किलो.

"म्हंजे खारं काढाचं अन् खारंच टाकाचं?"

"हो काकाजी."

आरओच्या एका बादलीमागे दोन-तीन बादल्या वाया जातात. काटेपूर्णा धरण आटलं की अकोल्यात नळाची किती वाट बघावी लागते, हे ठाऊक असणाऱ्यानं ते पाणी धुण्याभांड्याला तरी वापरावं.

आता मे महिना. क्लाउनफिशला २५-२६ अंश मानवतात आणि अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. बंद खोलीत टाकी चौतीस अंशांवर पोचते, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि नेमकी तेव्हाच लाइन जाते. पाण्यावर पंखा सोडला तर माठासारखं पाणी निवतं. आपल्या कोरड्या हवेत हे मुंबईपेक्षा चांगलं जमतं. कूलरच्या ओल्या हवेत मात्र नाही. पण पंख्यानं उतरतात दोन-तीन अंश, म्हणून पाणी गार करणारा चिलर हवाच, आणि हवेचा पंप बॅटरीवरचा. वाफ होऊन उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याची.

समुद्री टाकी म्हटलं की लोकांना प्रवाळही हवं असतं. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे आपल्या मेळघाटच्या वाघाच्या पंगतीत. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये हाजी अली-वरळीची प्रवाळं हलवायची झाली तर सरकारी प्रकल्पालाही परवानगी काढावी लागली. तुम्ही सिरॅमिकचे दगड घ्या.

मासा मात्र हॅचरीचाच मागा. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं मंडपमला क्लाउनफिशची पैदास कधीच जमवली, आणि आपल्या राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाचीही ऐरोलीला सागरी शोभिवंत माशांची हॅचरी आहे. ती पिल्लं विदर्भापर्यंत पोचवायची सोय मत्स्यव्यवसाय खात्यानं करावी. मुंबईहून अमरावतीला रात्रभरात गाडी येते.

तोवर एक करा. टाकी मे महिन्यातच भरा, मासा न घालता. अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे तसेही लागतात. थर्मामीटर लावून ठेवा. महिनाभर पारा २७ च्या आत राहिला, तर जूनमध्ये दुकानात या. दोन पिल्लं देईन, एक जरा थोराड. सगळी नर म्हणूनच वाढतात, त्यातलं थोराड पुढे मादी होतं.