गोळी कुटू नका

"सासूबाईंना गिळवत नाही, म्हणून खलबत्त्यात कुटून मधातून देते," एक वहिनी काउंटरवर म्हणाल्या आणि मी बिल बाजूला ठेवलं. गोळी मेटफॉर्मिनची, नावापुढे 'एसआर', म्हणजे औषध हळूहळू सोडणारी. (मधुमेहाला मध, हा वेगळाच विषय!)

अशा गोळीत बहुधा हायप्रोमेलोज असतो, म्हणजे लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजपासून केलेला पॉलिमर. पोटात तो भिजलेल्या सब्जासारखा फुगून बुळबुळीत होतो आणि औषध तासन्‌तास झिरपू देतो. कुटली, की सगळा डोस एकदम अंगावर. अख्खी गिळल्यावर कधी गोळीचा रिकामा सांगाडा शौचात दिसतो. घाबरू नका, औषध आत उतरलेलं असतं.

पण 'एसआर' म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? पाकिटावर ठळक मराठीत 'कुटू नका, चावू नका' छापायलाच हवं. तोवर, गिळवत नसेल तर डॉक्टरांकडून पातळ औषध लिहून घ्या.