खिशातला बाजा

माउथ ऑर्गन हे वाद्य की खेळणे, या प्रश्नावरून आमच्या घरात अधूनमधून चांगलीच जुंपते. भाचा वाद्याच्या बाजूचा, कारण तो वाजवतो. वरच्या मजल्यावरचे अण्णा खेळण्याच्या बाजूचे, कारण त्यांना ते ऐकावे लागते. "ज्याला गुरू लागत नाही, भाता लागत नाही, मांडी घालून बसावे लागत नाही, ते कसले हो वाद्य? जत्रेतला बाजा तो!" असा अण्णांचा निकाल. मी दोघांनाही चहा देऊन गप्प बसवतो. पण वाचकहो, माझे मत भाच्याच्या बाजूचे आहे, आणि का ते आज सांगून टाकतो.

एक तर हा बाजा आपल्या पेटीच्याच गोतातला. धातूची पातळ पत्ती, तिच्यावरून वारा गेला की ती थरथरते आणि सूर निघतो, ही युक्ती दोघांचीही. पेटीला भाता असतो. इथे वाजवणाऱ्याची छाती हाच भाता. साध्या बाजाला दहा भोके, आणि प्रत्येक भोकामागे दोन पत्त्या. एक फुंकल्यावर बोलते, दुसरी श्वास आत ओढल्यावर. बासरी काय, सनई काय, वाजते ती फुंकर घातल्यावर. हा मात्र श्वास घेतानाही गातो. माणूस हुंदका देतो तेव्हा श्वास आतच ओढतो ना? या बाजाच्या सुरात आपल्याला कुणाचा तरी जीव ऐकू येतो, त्याचे मर्म मला इथे दिसते.

दुसरी गंमत अशी की, खालची तीन भोके एकदम फुंकली तर षड्ज, गांधार आणि पंचम एकत्र निघतात. म्हणजे नवशिक्याची पहिली फुंकरही कानाला गोड लागते. पण म्हणून पुढचे शिक्षण सोपे नाही. तोंडाच्या पोकळीचा आकार बदलून कसलेला वादक सूर खाली वाकवतो. पेटीला मींड काढता येत नाही, हा तिच्यावरचा मोठा आरोप. १९४० साली रेडिओने तिला वर्ज्य केले ते अशाच कारणांनी, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. तिचा हा धाकटा भाऊ मात्र त्या आरोपातून निदान अर्धा तरी सुटतो!

जर्मनीत ट्रॉसिंगेन गावी माथियास होनर नावाच्या घड्याळजीने १८५७ साली हे बाजे करून विकायला सुरुवात केली. स्वस्त, टिकाऊ आणि खिशात मावणारी ही वस्तू समुद्रापार गेली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकवादकांनी तिच्यातून आपले दुःख बोलते केले. त्यांच्यातल्या लिटल वॉल्टरने १९५२ साली, ओंजळीत बाजा आणि मायक्रोफोन एकत्र धरून, शब्दावाचूनची एक धून तिकडे अव्वल नंबरावर नेली. पुढे १९६२ साली बीटल्सची पहिली गाजलेली तबकडी आली, तिचाही उठाव जॉन लेननच्या बाजानेच.

आपल्याकडे हा बाजा घरोघर पोचवला तो सिनेमाने. १९५८ च्या 'सोलवाँ साल'मध्ये आगगाडीत देव आनंद गातो, आवाज हेमंतकुमारांचा, आणि मधूनमधून बाजा अशी काही लकेर घेतो की ऐकणाऱ्याने मान डोलवावीच. तो वाजवला होता संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्या चिरंजीवांनी, राहुलदेवांनी. १९६४ च्या 'दोस्ती'त पायाने अधू असलेला रामू बाजा वाजवतो आणि दृष्टिहीन मोहन गातो. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. बाजा पुन्हा राहुलदेवांचाच.

आणि १९७५ चा 'शोले'? संध्याकाळची वेळ. समोरच्या हवेलीत ठाकुरांची विधवा सून एकेक दिवा मालवते आहे. इकडे जय पायरीवर बसून बाजा वाजवतो आहे. दोघांत एक शब्द नाही. जनरीतीला तो चाललाही नसता. जे बोलता येत नाही ते तो एवढासा बाजा बोलतो. ढोलताशाने किंवा शंभर व्हायोलिनांनी हे काम झाले असते का, तुम्हीच सांगा.

आता माझे खरे गाऱ्हाणे. ती धून आठवली की आपल्याला अमिताभ बच्चन दिसतो. ज्यांच्या श्वासावर ती उमटली ते भानू गुप्ता कुणाला आठवतात? राहुलदेवांच्या ताफ्यातले हे नामांकित गिटारवादक २०१८ साली गेले. कोट्यवधी लोकांनी त्यांचा श्वास ऐकला, आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते. राहुलदेवांचे नाव तरी पुढे संगीतकार म्हणून झाले. नुसत्या वादकाच्या वाट्याला तेही येत नाही. तबकडीवर गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव. वादक आपला आडोशाला.

आपल्या घरी फराळाचे ताट समोर आले की चकली खुसखुशीत झाली आहे एवढे म्हणून आपण थांबत नाही. "कुणी हो केली?" असे विचारतो, आणि आतून कुणीतरी पदराला हात पुसत, लाजत बाहेर येते. गाण्यांच्या बाबतीत एवढी रीत पाळायला काय हरकत आहे? या दिवाळीत एखादे जुने गाणे लागेल, मधेच बाजाची लकेर येईल. तेव्हा घरातल्या मुलांना विचारा, "हे कुणी वाजवले रे?" त्यांना ठाऊक नसेल तर शोधायला लावा. नाव सापडले की ते मोठ्याने उच्चारा, म्हणजे सगळ्या घराला ऐकू जाईल.